मामांचा सात नंबर: बॉलआधी माती

१३ एप्रिल २०२५, रविवार

काम: मामांचे गोल्फमधले आयर्नचे (लोखंडी डोक्याच्या क्लबचे) फटके. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "एक तर बॉलच्या आधी माती निघते आणि बॉल तिथल्या तिथे बसतो, नाहीतर बॉलच्या डोक्यावर लागतं आणि तो सरपटत ग्रीनच्या पार पलीकडे." (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत.) ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, बरा आहे. पटिंग, ग्रीनवरचे छोटे फटके, तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मधल्या क्लबांचं मात्र रामभरोसे. हँडिकॅप २४, म्हणजे फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त, आणि त्यातले निम्मे तरी या एका दुखण्याचे असावेत.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि गोल्फला लागले. त्याआधी जन्मभर क्रिकेट, तेही टेनिस बॉलचं. हे काम माझ्याकडे आलं कारण मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. "दिवसभर लोकांच्या पार्टमधल्या चुका काढतेस, रविवारी माझ्या काढ." अट एकच, नोंद लेखी पाहिजे. खात्यातली सवय. म्हणून ही वही.

आजवर त्यांना मिळालेले सल्ले आधी उतरवून घेतले. डोकं खाली ठेवा. डोकं वर येतंय. बॉलवरची नजर हलवू नका. डावा हात सरळ. सावकाश मारा. आणि पुन्हा डोकं. हे सल्ले फुकट मिळतात, न मागता मिळतात आणि चहाच्या टेबलावर तर थांबतच नाहीत.

फोनवर स्लो मोशनमध्ये पाहिलं. डोकं वर येतं हे खरं आहे, पण बॉल गेल्यानंतर. क्लब खाली पोचतो तेव्हा मान जागेवरच असते. वाईट गेलेला बॉल कुठे पडला ते बघायला मामा मान वर करतात आणि बघणाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहतं. डोक्याचा मुद्दा बाद.

१९ एप्रिल, शनिवार

ड्रायव्हिंग रेंज. मॅटवर मामा वेगळेच खेळाडू. सात नंबरच्या आयर्नचे बॉल एकापाठोपाठ एक हवेत, सरळ, बऱ्यापैकी लांब.

"मामा, इथे तर काहीच चूक दिसत नाही."

"तेच तर सांगतोय! इथे मी बरा असतो. मैदानावर गेलो की काय होतं कुणास ठाऊक. मनाचंच असणार."

मनाचं नसावं अशी शंका आली ती आवाजावरून. फटक्याला दोन आवाज येत होते, अगदी लागून: आधी दबका 'थप', मग 'टक'. घरून शिंप्याचा खडू नेला होता. बॉलच्या मागे चार बोटं अंतरावर मॅटवर खडू घासून ठेवला आणि मामांना मारायला सांगितलं. फटका छान गेला. क्लब उलटा करून पाहिला तर तळव्याला निळा खडू लागलेला. पुन्हा केलं, पुन्हा लागला. रेंजवरच्या पोऱ्याने मॅट पुसायला लावली, तिथेच थांबलो.

म्हणजे मैदानावर होतं तेच इथेही होतंय, मॅट ते झाकते. खाली काँक्रीट, वर रबर, त्यावर प्लास्टिकचं गवत. क्लब चार बोटं आधी लागला तरी आत रुतायला जागाच नाही. तो घसरत पुढे जातो आणि बॉलला जवळजवळ नीटच भेटतो. हरळीत तोच फटका मातीत शिरतो, जोर तिथेच जिरतो, शिवाय क्लब आणि बॉलच्या मध्ये गवत येतं. मॅटवर तासन्‌तास सराव करून मैदानावर रडणारे कितीतरी जण याच कारणाने रडत असावेत. वर रबराखालच्या काँक्रीटचा दणका मनगटाला आणि कोपराला बसतो तो वेगळाच.

निर्णय: या कामासाठी मॅट बंद. मामा नाराज. तिथे त्यांना बरं वाटत होतं.

२७ एप्रिल, रविवार

मैदानाच्या कडेला सरावाचा पट्टा आहे, त्याच्या झिजलेल्या टोकाला माळीदादांनी परवानगी दिली. मामांचं म्हणणं फक्की मारू, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. पण चुना उडून डोळ्यांत गेला तर पंचाईत, म्हणून साधी पांढरी रांगोळी घेतली. क्लबवर बारीक ओरखडे येतात, त्यासाठी माझा जुना सात नंबर दिला.

पद्धत लिहून ठेवते, पुढे लागेल. निशाणाच्या दिशेला आडवी अशी रांगोळीची लांब रेघ काढायची. रेघ दोन पायांच्या बरोबर मध्ये येईल असं उभं राहायचं. बॉल ठेवायचा नाही. स्विंग करायचा आणि क्लब जमिनीला कुठे लागला ते बघायचं. मग एक पाऊल सरकून पुन्हा. रेघ संपेपर्यंत मागे खुणांची रांग तयार होते आणि त्या रांगेशी वाद घालता येत नाही. आयर्नने चांगला फटका असेल तर खूण रेघेवर सुरू होते आणि निशाणाच्या बाजूला जाते. रेघेच्या अलीकडे काही नको.

मामांच्या खुणा जवळजवळ सगळ्या अलीकडे. पट्टीने मोजल्या. दोन ते तीन इंच, बहुतेक अडीचच्या आसपास. गंमत म्हणजे एकमेकींशी छान जुळणाऱ्या. मामा खिन्न झाले, मी खूश. कारखान्यात पार्ट एकदा इकडे एकदा तिकडे जात असेल तर डोकं धरायची पाळी येते. सगळे एकाच बाजूला, सारखेच चुकत असतील तर सेटिंगच सरकलेलं असतं आणि ते परत आणता येतं.

जमीन सध्या वाळून दगड झालेली. क्लब रुतत नाही, आपटून उसळतो. म्हणून या महिन्यात मामांची माती कमी आणि टॉप (बॉलच्या डोक्यावर लागणं) जास्त. मागच्या पावसाळ्यात उलटं होतं म्हणाले. हे लक्षात ठेवायचं.

२८ एप्रिल, सोमवार, रात्री

कागदावर मांडून पाहिलं. डाव्या खांद्यापासून सात नंबरच्या टोकापर्यंत साधारण दीड मीटर. क्लब खांद्याभोवती फिरतो असं धरलं (खांदाही सरकतो, पण अंदाजाला चालेल), तर त्या वर्तुळाच्या चापाच्या तळापासून, म्हणजे क्लब सर्वात खाली असतो त्या जागेपासून, १० सेंटिमीटर अलीकडे क्लब तळापेक्षा जेमतेम ३ मिलिमीटर वर असतो आणि साडेतीन-चार अंशांनी खाली उतरत असतो. टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांमधले) खेळाडू सात नंबरने साधारण चार अंश खाली मारतात, हे रडारने मोजलेलं आहे. त्यांचा तळ बॉलच्या तीन-चार इंच पुढे असतो हे मग हिशेबातच बसतं. बॉल आधी, माती नंतर.

तीन मिलिमीटर! चाप तळाशी इतका चपटा असतो. मामांचा तळ बॉलच्या अडीच इंच मागे, म्हणजे बॉलपाशी येईपर्यंत क्लब वर निघालेला. गुडघे किंचित जास्त वाकले की मागची माती, किंचित ताठ झाले की बॉलच्या पोटाऐवजी डोकं. बॉल सगळा मिळून ४२.६७ मिलिमीटरचा (नियमाने याहून लहान चालत नाही), त्यामुळे चुकायला जागा किती ते दिसतंच आहे. मामा ज्यांना दोन वेगळी दुखणी समजत होते, आणि एकावर 'डोकं खाली' नि दुसऱ्यावर 'जरा वर राहून मारा' असे उलटसुलट उपाय करत होते, ते दुखणं एकच आहे.

फोनने हे का दिसत नाही तेही कळलं. फोन सेकंदाला २४० चित्रं घेतो. क्लबचा वेग ताशी १०० किलोमीटर धरला तर दोन चित्रांच्या मध्ये तो साडेअकरा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. आपण शोधतोय अडीच इंच, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर. ते दोन चित्रांच्या फटीत सहज हरवतं. इथे रांगोळीच कामाची.

मामांना फोन करून सांगितलं. त्यांचा प्रश्न: "मग बॉल अडीच इंच मागे ठेवून मारू का?" प्रश्न चांगला आहे. रविवारी करून बघू.

४ मे, रविवार

केलं. बॉल उजव्या पायाकडे सरकवला. थोडा वेळ मजेत गेलं, मग तळही बॉलच्या मागोमाग मागे सरकला. मामा बॉल बघतात आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिल्यासारखे होतात, बॉल कुठेही ठेवा. सात नंबरला बॉल मधोमध किंवा किंचित डावीकडे असतो तिथेच परत आणला.

आज कॅडीदादा सोबत होते. येरवड्याचेच, लहानपणापासून मैदानावर. बराच वेळ गप्प बसून बघत होते. मी रेघेशी वाकून मोजत असताना म्हणाले, "ताई, जमीन काय बघताय, साहेबांचा बूट बघा."

उजवा बूट. फटका झाल्यावर मामांची उजवी टाच जमिनीवरच. अख्खा माणूस मागच्या पायावर. चांगला खेळाडू बॉलला लागतानाच तीन-चतुर्थांशाहून जास्त वजन निशाणाकडच्या पायावर घेऊन असतो, आणि शेवटी उजव्या पायाचा फक्त अंगठा टेकलेला राहतो. मधली छाती जिथे, तळ साधारण तिथे. मामांची छाती बॉलच्या मागे राहते, तळही मागे राहतो.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मामांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही विचारलं कुठे?"

११ मे, रविवार

मागे का राहतात याचा शोध. मामांकडून क्रिकेटमधला त्यांचा आवडता फटका करून घेतला. मागच्या पायावर जाऊन बॉलच्या खाली शिरायचं आणि मिडविकेटवरून उचलायचं. डोळ्यांत एकदम चमक. गोल्फचा स्विंगही हुबेहूब तोच, फक्त बॉल जमिनीवर ठेवलेला. बॉल हवेत जायला हवा तर आपणच त्याला उचलायला हवं, हे शरीरात इतकं मुरलंय की नुसतं सांगून जाणार नाही.

तरी सांगितलं. सात नंबरचं तोंड मुळातच मागे कललेलं आहे, जुन्या सेटमध्ये ३४-३५ अंश, हल्लीच्या सेटमध्ये तीसच्या आत-बाहेर. उचलायचं काम त्या उताराचं. आपण खाली मारायचं, बॉल वर जातो. मामांनी मान हलवली. लगेच मारलेल्या फटक्यात पुन्हा मागच्या पायावर.

कॅडीदादांचं निदान एका वाक्याचं: "साहेब, तुम्ही आमटी वाढताय." वाढताना पळीचं मनगट जसं पुढे वळतं तसंच मामांचं डावं मनगट बॉलपाशी मोडतं. म्हणजे वजनाखेरीज मनगटाचाही घोळ आहे. दोन्ही एकदम धरायचे नाहीत. आधी वजन.

२५ मे, रविवार

यंदा मे महिन्यातच पावसाने पुणं धुऊन काढलं. सरावाच्या पट्ट्यावर पाय रुततात. रांगोळीची तर लापशीच झाली. रेघेऐवजी आता दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) जमिनीत ठोकते, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि मधली रेघ मनाने धरायची.

एप्रिलचं भाकीत खरं ठरलं. मामांचा स्विंग तोच, तळ तिथेच, पण टॉप जवळजवळ बंद आणि सगळीकडे माती. क्लबची धार ओल्या जमिनीत शिरते ती बाहेरच येत नाही. मामा चिखलाने माखलेले. तरीही या विषयावर त्यांची मास्तरकी सुरू: हा पट्टा मुरमावर भरलाय, वरची माती काळी, पाणी धरून ठेवणार, मोजमाप खरं पाहिजे तर वाफसा येऊ दे. पटलं. फार वाळली असली की खूण उमटत नाही, फार ओली असली की कुठे सुरू झाली तेच कळत नाही. दोन कोरडे दिवस गेल्याशिवाय यायचं नाही असं ठरलं.

१५ जून, रविवार

उघडीप, वाफसा. दोन उपाय लावले.

पहिला, पंचा. घडी घालून बॉलच्या मागे चार बोटांवर ठेवायचा आणि पंच्याला न लागता बॉल मारायचा. सुरुवातीला बॉलपेक्षा पंचाच लांब गेला. हा उपाय सगळीकडे सांगतात आणि तो चांगलाही आहे, पण नुसता पंचा ठेवून भागत नाही. मामांनी लगेच पळवाट काढली: पंचा चुकवायला हात वर ओढून घेऊ लागले आणि बॉल टॉप. पंचा शाबूत, तळ होता तिथेच. पंचा काय चुकलं ते सांगतो, काय करायचं ते सांगत नाही.

दुसरा उपाय कामाचा निघाला. उजवा पाय मागे घेऊन नुसता चवडा टेकवायचा, सगळं वजन डाव्या पायावर, आणि अर्धा स्विंग. मागे जायला पायच नाही. इथे मामांनी आजवरचा सर्वात गोड आवाज काढला: एकच 'टक', आणि मग माती. मातीची पातळ चकती बॉलच्या जागेच्या पुढून निघाली. मामा खाली वाकून ती बघत बसले. मग चकती उचलून परत जागेवर बसवली, बुटाने दाबली. "हे मी केलं?" असं दोनदा विचारलं.

पूर्ण स्विंगला गेलो की जुनं परत. म्हणून मधली पायरी घातली: मारून झालं की उजवा पाय उचलून निशाणाच्या दिशेने एक पाऊल टाकायचं, चालायला लागल्यासारखं. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर असाच फटक्यातून चालत पुढे निघायचा, आणि तो नऊ मेजर (गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला माणूस आहे. पाऊल टाकता आलं तर वजन पुढे गेलंय, तोल जाऊन मागे यावं लागलं तर नाही. मोजपट्टी लागत नाही. मामांना हे सर्वात आवडलं, कारण यात गॅरी प्लेअर होता.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात मुक्कामी, रस्ते बंद. मामा माउलींच्या दर्शनाला रांगेत उभे राहून दुपारी परतले आणि पाय दुखत असतानाही "आज काही करायचं नाही का?" म्हणाले.

घरातला प्रयोग. आमचा वजनकाटा आणि शेजाऱ्यांचा वजनकाटा, एकेका पायाखाली एक. मामा एकूण ७२ किलो. सुरुवातीच्या उभ्यात ३६-३६ च्या आसपास, ठीक. मग म्हटलं, "मामा, क्लब बॉलला लागतो त्या क्षणी तुम्ही कसे असता तसे थांबून दाखवा." आपल्या मते ते डावीकडे पूर्ण झुकले. काटा बघितला तर उजवीकडे चाळीस. उभं राहून घेतलेला आकडा चालत्या स्विंगचा नसतो हे मान्य, पण माणसाला जे जाणवतं आणि जे असतं त्यातलं अंतर दाखवायला पुरे. डावीकडे ५५ येईपर्यंत सरकायला लावलं.

"अगं, मी पडेन!"

"पडत नाही आहात. ५५ आहे."

"मला नव्वद वाटतंय."

हेच त्यांना हवं होतं. आता त्यांना आकडा माहीत आहे आणि 'पडेन' असं वाटणं म्हणजे बरोबर, हेही. मामींनी चहा देताना दोघांकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

६ जुलै, रविवार

आषाढी. मामांचा उपास, पाऊस, सराव नाही.

१३ जुलै, रविवार

वजन बरंचसं आलं. टींच्या रेघेवरच्या खुणा आता रेघेच्या एक इंच अलीकडेपासून रेघेपर्यंत. अडीचवरून इथे. पण तिथेच अडकलं, पुढे सरकेना. म्हणजे आमटीवर यायची वेळ झाली.

इथलं गणित सोपं आहे. डावा हात आणि क्लबची दांडी यांच्यात कोन असेल तोवर खांद्यापासून क्लबच्या टोकापर्यंतचं अंतर कमी असतं. मनगट सरळ झालं की ते पूर्ण लांब होतं. ते जिथे पूर्ण लांब होतं तिथेच तळ. मामा बॉलच्या आधीच मनगट सोडून देतात, मग क्लब हातांच्या पुढे निघून जातो आणि तळ मागे राहतो. हात बॉलच्या पुढे, दांडी निशाणाकडे किंचित झुकलेली, डावं मनगट सपाट, असं बॉलपाशी यायला हवं. तसं यायला सांगून काही उपयोग नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना लागून असतात ते अर्धा मिलिसेकंद, तेवढ्यात मनगटाला सूचना पोचत नाहीत. आधीपासूनची सवयच तिथे दिसते.

म्हणून पोतं. गव्हाच्या रिकाम्या पोत्यात जुने कपडे ठासून भरले, तोंड सुतळीने बांधलं आणि बॉलच्या जागी ठेवलं. त्यावर हळू मारायचं आणि लागल्यावर तसंच थांबायचं. थांबलं की मनगट दिसतं. पहिल्या वेळी मामांचं मनगट मोडलेलं, क्लबचं तोंड आभाळाकडे. माझ्याकडे बघून म्हणाले, "वाढली आमटी." हात पोत्याच्या पुढे राहतील असं पुन्हा, पुन्हा. मग पोतं काढून बॉल, पण क्लब कमरेपासून कमरेपर्यंतच. फार लांब जात नाही, मामांना हे बायकी वाटतं असं ते म्हणाले. मी काय उत्तर दिलं ते वहीत लिहीत नाही.

२७ जुलै, रविवार

पाऊस. मामांच्या घरी बसून चंद्रावरचा गोल्फ पाहिला. ६ फेब्रुवारी १९७१, अपोलो १४. ॲलन शेपर्डने माती गोळा करायच्या हत्याराच्या दांड्याला सहा नंबरच्या आयर्नचं डोकं लावून नेलं होतं. अंतराळ पोशाखात दोन्ही हात जुळेनात म्हणून एका हाताने मारलं. आणि पहिल्या झटक्याला बॉलपेक्षा मातीच जास्त उडाली, हे तो तिथून स्वतःच बोलला. मामांना झालेला आनंद सांगता येत नाही. शेपर्डने तेव्हा दोन बॉल मारले, पुढे अनेक वर्षं ते फार लांब गेल्याचं लोक समजत होते. अलीकडे जुनी छायाचित्रं नीट करून मोजलं तेव्हा एक २४ यार्डांवर आणि दुसरा ४० यार्डांवर निघाला. "गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, तरी माझ्याइतकाच," मामा.

१० ऑगस्ट, रविवार

प्रत्यक्ष मैदानावर नऊ होल. इथे रांगोळी नाही, टी नाही, पंचाही नाही. खेळताना ठेवायचं ते एकच: बॉलच्या शेजारी सरावाचा एक स्विंग, गवताला लागेल असा, आणि गवत कुठे कापलं गेलं तिकडे नजर. बॉलच्या रेषेच्या पुढे कापलं गेलं असेल तर तसाच मारायचा. मागे असेल तर उजवा पाय जरा मागे घेऊन पुन्हा एकदा. यापेक्षा जास्त विचार होलवर करायचा नाही. बंकरमध्ये मात्र हे चालत नाही, सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला क्लब लागला की दंड. मामांना नियम पाठ आहेत, मलाच त्यांनी सांगितला.

सपाट फेअरवेवर (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) छान. बॉल निघाल्यावर मामा तसेच उभे, उजवी टाच वर, आणि ती वर आहे याची खात्री करायला खाली वाकून बघणार. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच डोकं खाली राहिलं.

उतारावर घात झाला. पाचव्या होलला बॉल निशाणाकडे उतरत्या जमिनीवर. अशा ठिकाणी बॉलच्या मागची जमीन बॉलपेक्षा उंच असते, सपाटीवरचा स्विंग तिथे आधीच जमिनीला भेटतो. मामांनी नेहमीसारखं उभं राहून मारलं आणि मोठं ढेकूळ निघालं. पुढच्या वेळी खांदे उताराला समांतर केले, वजन आधीपासूनच खालच्या पायावर, बॉल किंचित मागे. बरं गेलं, पण बॉल खालून गेला आणि थांबायला वेळ लागला. उतारावर तसाच जातो. चढावर मामांना अडचण नाही. तिथे मागच्या पायावर राहणं थोडंफार खपून जातं, म्हणून तर सहावा होल त्यांचा लाडका.

ओल्या दिवसांत फेअरवेवरचा बॉल उचलून, पुसून ठेवायची मुभा देणारा स्थानिक नियम लावलेला होता. मामा प्रत्येक वेळी गवताच्या उंच झुबक्यावर नेमका ठेवतात. नियमात बसतं. पण झुबक्यावरचा बॉल उंच असतो आणि क्लब थोडा मागे लागला तरी निभावतं, म्हणजे पुन्हा मॅटच. मी म्हटलं, या पावसाळ्यात झुबके शोधायचे नाहीत. "आणि स्कोअर?" "स्कोअर दिवाळीनंतर." मामा ते कबूल करून बसलेत, पण पुढच्याच होलला बॉल पुसताना डोळा झुबक्यावरच होता.

२४ ऑगस्ट, रविवार

कोरडं, वाफसा. रांगोळीची रेघ परत. आधी बॉलशिवाय, मग रेघेवर बॉल ठेवून. निम्म्याहून जास्त खुणा रेघेवर किंवा पुढे सुरू. चांगल्यांत चांगली रेघेच्या दोन इंच पुढे खोल झालेली. दमले की मागे सरकतात, शेवटच्या तुकड्यात ते स्पष्ट दिसतं. दम संपला की शरीर ओळखीच्या वाटेने जातं. म्हणून यापुढे सराव थोडा आणि ताजेपणी.

सात नंबर पूर्वीपेक्षा लांब जातोय, मामांच्या मते एका क्लबाइतका. आता सहाच्या जागी सात घ्यायला लागतील, पण मन तयार नाही. आज ग्रीनच्या पलीकडे गेलेला एक बॉल टॉप झालेला नव्हता, नीट लागून पलीकडे गेलेला होता. मामांनी तरी सवयीने "डोकं वर आलं" म्हणून हात झटकला.

बुधवारी गणपती. पुढचे दोन रविवार मामींनी ताब्यात घेतलेत.

१४ सप्टेंबर, रविवार

खंडानंतर पहिला दिवस. पहिले काही फटके मागे. उजव्या पायाचा चवडा टेकवून अर्धे स्विंग केले, पोत्यावर हात बसवला, आणि परत आले. पूर्वी असं बिघडलं की महिनाभर बिघडलेलंच राहायचं. आता मामांना स्वतःला कुठून सुरुवात करायची ते माहीत आहे, मला फोन न करता.

नवी गोष्ट: नीट लागलेले बॉल डावीकडे वळतायत. आधी मनगट मोडायचं तेव्हा क्लबचं तोंड उघडं राहायचं, ते सांभाळायला मामांनी ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, कधीतरी उजवीकडे फिरवून घेतलेली असणार. मनगट सुधारलं, ग्रिप जुनीच राहिली. चहाच्या टेबलावर याचंही निदान झालं: डोकं. कॅडीदादा चहा पिता पिता माझ्याकडे बघून हसले.

ग्रिपला तळ पक्का होईपर्यंत हात लावायचा नाही. दिवाळीपर्यंत डावीकडे जाऊ देत. सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब) या वहीत घ्यायचा नाही. त्याला तळाशी दहा-चौदा अंशांचा बाऊन्स, म्हणजे जमिनीत रुतू न देणारा उतार, असतो, वाळूत तर बॉलच्या मागेच मारायचं असतं, आणि मामांना तो आत्ताच चांगला येतो.